काही न मागणारं झाड

मधुमती रेठरेकर आमच्याच ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर राहते आणि मी नवव्या. सिंगापूरच्या बुकित पंजांगमध्ये आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो, त्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. तिला विचारलं तर ती म्हणेल, ‘सविता, माझ्यात काय आहे सांगण्यासारखं?’ तिचा स्वभावच तसा. ब्लॉकमध्ये कुणाला ताप आला की मधुमती. मंडळाच्या गणपतीला मोदकांची उकड काढायची की मधुमती. युनिव्हर्सिटीत नव्याने आलेल्या पोस्टडॉक पोरांना घरचं जेवण कुठे मिळेल, तर मधुमतीकडे. तिने कुणाला नाही म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही, आणि याच गोष्टीवरून मी तिच्याशी भांडलेही आहे. लोकांचं काय जातं? तिचं मात्र कंबरडं मोडतं, आणि वर ती हसून विचारते, ‘अजून थोडं वाढू का?’

कोल्हापूरला तिने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, सांगलीच्या कॉलेजात काही वर्षं शिकवलं. मग नवऱ्याला, संजीवला, सिंगापूरची नोकरी लागली आणि ही डिपेंडंट पासवर त्याच्यामागे आली. मुलगी झाली, गार्गी. ती वाढली, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, फ्लॅट घेतला. संजीव मॅनेजर झाला आणि महिन्यातले निम्मे दिवस जकार्ता नाहीतर मनिलात राहायला लागला. मधुमतीचं वनस्पतिशास्त्र कपाटाच्या वरच्या खणात गेलं. ते खाली निघालं तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

जुरोंग ईस्टच्या पुढे एक खासगी बाग आहे. त्या बागेत एक भलंमोठं काचघर आहे. बाहेर अंगाची काहिली होते आणि आत स्वेटर घालावा लागतो, कारण आतली झाडं थंड देशांतली. तिथे एका वाफ्यासाठी माणूस हवा होता. मधुमतीने अर्ज केला आणि तिला घेतलं. पगार बेताचा, काम उभ्याचं. संजीव म्हणाला, ‘कशाला दगदग?’ मी म्हटलं, घरातली दगदग चालते, पण बाहेरची नको, असं का? अर्थात मी हे मनात म्हटलं, कारण तो तिचा नवरा आहे, माझा नव्हे.

तिच्या वाट्याला आला तो फेनबॉसचा वाफा. आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाला, केपच्या बाजूला, डोंगरउतारांवर हे झुडपांचं रान असतं. तिथे उन्हाळा कोरडा, पाऊस थंडीत, वारा कायमचा. आणि माती म्हणजे धुऊन निघालेली वाळू, तिच्यात खायला म्हणून काही नाही. त्या वाळूत हजारो जातींची झुडपं पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहेत. मधुमती एकदा मला काचघरातला तो वाफा दाखवायला घेऊन गेली. मला झाडांची हौस नाही, मी तिच्यासाठी गेले.

दर शनिवारी ती पाहुण्यांना वाफ्यातून फिरवून एकेका झाडाचा उपयोग सांगायची. तिने पहिल्यांदा माझ्या हातात बुखू नावाच्या झुडपाचं पान दिलं आणि चुरगळायला सांगितलं. असा काही उग्र वास आला, की माझं डोकं उठलं. तिकडचे जुने खोईखोई लोक हे पान वाळवून, कुटून, मेंढीच्या चरबीत कालवून अंगाला लावायचे, म्हणजे त्या वाऱ्यात कातडी फुटत नसे. पुढे डच लोक आले तेव्हा त्यांनी ते ब्रँडीत घालून पोटदुखीवर आणि लघवीच्या तक्रारींवर घ्यायला सुरुवात केली. जखम धुवायलाही बुखू घातलेला व्हिनेगर असायचा. मी म्हटलं, ‘म्हणजे आपला ओव्याचा अर्कच की.’ ती म्हणाली, ‘तसंच काहीसं, फक्त ब्रँडी जास्त.’

मग रूइबॉस. त्याची सुईसारखी पानं कापून, ठेचून, ओली करून ढीग घालायचा. ती तांबडी झाली की उन्हात वाळवायची, झाला चहा. आपण दुकानातून आणतो तो हाच. त्याच्या पलीकडे जमिनीवर पसरलेलं एक जाड पानांचं रोप होतं. त्याचं पान मोडून आतला रस भाजल्यावर लावतात, घसा बसला तर चोखतात, आणि फळाचा मुरंबा करतात. आणखी एक करड्या पानांचं झुडूप होतं, त्याला बी धरलं की कापसासारखा पांढरा पुंजका येतो. गरीब घरांतून उशा भरायला तो गोळा करत. मधुमतीने त्याचं नाव उशीचं झुडूप ठेवलं होतं. कोपऱ्यात उंच, बोरूसारखं गवत होतं. त्याने तिकडची घरं शाकारतात आणि उरलेल्याचे झाडू करतात.

आणि मधोमध तिचं लाडकं साखरझाड. प्रोटिया या तिकडच्या फुलझाडाची एक जात आहे ती. डोक्याच्या वर गेलेलं, ताठ, हिरव्यागार पानांचं. त्याची फुलं पेल्यासारखी असतात आणि त्यांत मध साठतो. केपची माणसं सकाळी ती फुलं भांड्यात झटकून तो रस गोळा करायची, गाळायची आणि मंद आचेवर आटवून काकवीसारखा पाक करायची. साखर मिळायची नाही तेव्हा गोडाला तो, आणि एरवी खोकल्याला.

‘याला फूल आलंय का कधी?’ मी विचारलं.

‘इथे नाही अजून. पण यंदा कळ्या धरल्यात. बघ.’ तिने फांदी खाली ओढून दाखवली. टोकाला घट्ट मिटलेला एक गोंडा होता. ‘आणि याला खत अजिबात चालत नाही हं. याच्या मुळांना केसासारख्या बारीक मुळ्यांचे झुबके असतात. वाळूत जे कणभर असेल ते ओढून घ्यायचं, एवढंच त्या शिकल्यात. नको म्हणणं त्यांना येतच नाही. जास्त घातलं तर तेही ओढून घेतात आणि मरतात.’

मी तिच्याकडे पाहिलं, पण तिने ते स्वतःवर घेतलं नाही. ती झाडाकडे बघत होती. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा तो सैल झाला होता.

‘यांना काही लागत नाही गं सविता,’ ती म्हणाली. ‘आठवड्यातून थोडं पाणी, पंख्याचा वारा. बस्स. मी इथे नुसती उभी राहते. कुणी काही मागत नाही.’

तेव्हापासून मी त्या वाफ्याला नावं ठेवणं सोडलं.

त्याच सुमारास तिचे सासरे आले. मनोहरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सांगलीला बंगल्यापुढे गुलाब लावणारे. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले आणि विसरायला लागले. आधी चष्मा, मग औषध, मग गॅस. संजीवने त्यांचा लाँग टर्म पास काढला, विमानतळावरून घरी आणलं आणि पुढच्याच आठवड्यात तो मनिलाला गेला. काकांचं सगळं मधुमतीकडे आलं. मी त्यांना काका म्हणते. गोड माणूस आहे, खोटं कशाला बोलू. पण गोड माणसालाही आंघोळ घालावी लागते.

एकदा ती कामावर असताना काका घरातून निघून गेले. खाली जाऊन एलआरटीत बसले. आमची एलआरटी म्हणजे वस्तीभोवती गोल फिरून पुन्हा तिथेच येणारी गाडी. काका त्या गाडीत दुपारपर्यंत फिरत राहिले. मिरजेचं स्टेशन कसं येत नाही, म्हणून वाट बघत बसले होते. एका चिनी आजीबाईंनी त्यांना उतरवून स्टेशनातल्या माणसाकडे दिलं. मधुमती धावत आली तेव्हा ते तिला म्हणाले, ‘गाडी फार लेट आहे आज.’ ती रडली नाही. त्यांना घरी नेलं, भात कालवून भरवला आणि मग माझ्याकडे येऊन बसली. चहा समोर होता, तो तिने प्यायला नाही. ‘मी नोकरी सोडते,’ म्हणाली.

मी तिला तिच्या मॅनेजरशी, मिस टानशी, बोलायला लावलं. मिस टान कडक बाई, पण तिच्या घरीही म्हातारी आई होती. ‘अंकलना घेऊन ये लाह,’ ती इथल्या ढंगात म्हणाली. ‘बाकावर बसू दे. कुणाला त्रास नाही ना?’ तेव्हापासून काका रोज स्वेटर आणि माकडटोपी घालून सिंगापुरात कामावर जायला लागले. बसमधले लोक वळून बघायचे. काचघरात साखरझाडासमोरच एक बाक होता, ती त्यांची जागा. ते शांत बसायचे. कधी बोरूसारख्या गवताकडे बोट दाखवून ‘याच्या केरसुण्या चांगल्या होतील’ म्हणायचे, आणि मधुमती सांगायची, ‘होतातच, बाबा.’

त्यांचं वजन मात्र कमी होत होतं. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी ताकदीची पावडर सांगितली, दुधातून घ्यायची. मधुमती रोज सकाळी थर्मासमध्ये ते दूध भरून त्यांच्या झोळीत ठेवायची. मधल्या वेळी हे प्या, असं चार वेळा बजावायची. घरी परतताना थर्मास रिकामा असायचा. तरी काकांची पॅंट सैल होत चालली, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. तिने पावडरचे चमचे वाढवले. डॉक्टर म्हणाले अजून वाढवा, तिने अजून वाढवले.

गणपती आले. या वर्षी संजीवच्या बहिणीने पुण्याहून लाल मातीची मूर्ती पाठवली होती, आत बी आणि खत मळलेलं. विसर्जन करायचं आणि ती माती कुंडीत घालायची, झाड उगवतं, असं हल्ली निघालंय. मधुमतीने स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळवायच्या जागेत, बादलीत विसर्जन केलं. दुसऱ्या दिवशी माती कुणीतरी काढलेली होती. कॉरिडॉरमधल्या तुळशीत संजीवने घातली असेल, असं तिला वाटलं. तिला विचारायला वेळ नव्हता. त्या दहा दिवसांत आरतीला येणाऱ्यांना वाढण्यातच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मी पाहत होते. ती उभ्याउभ्या डोळे मिटायची.

आणि मग साखरझाड पिवळं पडलं.

आधी टोकाची कोवळी पानं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मग खालच्या पानांच्या कडा काळ्या व्हायला लागल्या, जळाल्यासारख्या. मधुमतीने पंखे तपासले, पाण्याचा निचरा तपासला. मुळांना बुरशी लागली असेल म्हणून एका बाजूची वाळू उकरून पाहिली. पानांवर लोहाचं पाणी फवारलं. वाफ्यात मुंग्या यायला लागल्या होत्या. मिस टानला वाटलं, कुणीतरी मूल आइस्क्रीम सांडतंय. तिने पाटी लावली.

त्यात मिस टानने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. वर्षअखेरीच्या सुट्टीत त्या जागेवर ट्युलिपचं प्रदर्शन भरवायचा वरच्यांचा विचार होता. फेनबॉसचा वाफा बघायला लोक थांबत नाहीत, म्हणे, हिरवं नि करडं काय बघायचं? मिस टान भांडली होती. साखरझाडाला पहिल्यांदाच फूल येतंय, ते आलं की शाळा येतील, असं सांगून तिने वाफा डिसेंबरपर्यंत वाचवला होता. ‘फूल आलं तर वाफा राहील,’ ती मधुमतीला म्हणाली. ‘झाड मेलं तर माझ्या हातात काही नाही.’

मधुमतीने हे मला लिफ्टमध्ये सांगितलं. हातात भाजीच्या पिशव्या, खांद्याला काकांची झोळी, मागे काका.

‘दुसरीकडे कुठे ठेवतील तुला,’ मी म्हटलं. ‘नोकरी जाणार नाही ना?’

‘नोकरी नाही जायची.’ ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. ‘सविता, मला त्या नोकरीचं काही नाही. मला ती जागा हवीये. मी फार दमलेय गं. दिवसातून थोडा वेळ तिथे उभं राहायला मिळतं म्हणून मी बाकीचं सगळं करते. ते गेलं तर मला नाही वाटत मला जमेल.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने दमले म्हटलं होतं. माझा मजला कधीच मागे गेला होता. बारावा आला. काका म्हणाले, ‘चला, आलं आपलं स्टेशन.’ ती त्यांचा हात धरून उतरली.

वाळूचा नमुना तपासायला पाठवला. मधुमतीला वाळू पुरवणाऱ्याचा संशय होता. नव्या पोत्यात कुणीतरी बागेची माती मिसळली असणार, असं तिला वाटत होतं. फोनवर ती त्या माणसाशी भांडली, आणि मधुमती भांडली म्हणजे तिने फक्त दोनदा ‘तुम्ही नीट बघा ना’ म्हटलं. अहवाल यायचा त्या दिवशी मिस टानने तिला केबिनमध्ये बोलावलं होतं, म्हणून काकांपाशी बसायला ती मला घेऊन गेली.

मी काकांना बाकावर बसवलं, शाल दिली. साखरझाड बघवत नव्हतं. खालची पानं गळून वाळूवर पडलेली, वरची कोरड्या कागदासारखी. कळी होती, पण तपकिरी. मधुमती केबिनमध्ये गेली. मी काकांना म्हटलं, मी जरा बाथरूमला जाऊन येते, इथून हलायचं नाही. ‘मी कुठे जातोय?’ ते म्हणाले. ‘मला ड्युटी आहे.’

मी परत येत होते तेव्हा मधुमती केबिनमधून बाहेर पडली. तिच्या हातात कागद होता. ‘फॉस्फरस,’ ती म्हणाली. ‘वाळूत इतकं फॉस्फरस आहे, जणू कुणी रोज खत घालतंय. कोण घालेल गं?’ आम्ही दोघी वळणावरून वाफ्याकडे आलो आणि तिथेच थांबलो.

काका दोरी ओलांडून आत गेले होते. साखरझाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसले होते, माकडटोपी नीट, स्वेटरची बटणं लावलेली. थर्मासच्या झाकणात दूध ओतत होते आणि एकेक झाकण मुळाशी घालत होते. सावकाश, बेताने, सांडू न देता. गुलाबाला आळं करून पाणी घालतात तसं त्यांनी वाळूत बोटाने आळं केलं होतं. त्या आळ्यात लाल मातीचे खडे दिसत होते.

मधुमतीच्या हातातला कागद खाली पडला. माझ्या तोंडातून शब्द बाहेर यायच्या आत तिने माझा दंड धरला. मला तेव्हा काय झालं ते मी लपवणार नाही, मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. सकाळी उठून तिने ते दूध गरम केलं होतं. तिनेच चमचे मोजले होते. त्याचं वजन वाढावं म्हणून ती जितकी पावडर वाढवत होती, तितकं झाड आणखी जळत होतं, आणि म्हातारा उपाशी राहत होता.

ती दोरी ओलांडून त्यांच्याजवळ गेली आणि खाली बसली.

‘बाबा, काय करताय?’

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखे जरा ओशाळले. ‘तू रागावशील म्हणून सांगितलं नव्हतं. याला भूक लागलीये, मधुमती. बघ ना, कसं वाळलंय. इथे नुसती वाळू. यांनी याला काही घातलेलंच नाही.’

‘तुम्ही रोज घालताय?’

‘रोज. गणपतीची माती पण आणली मी, झोळीतून. देवाची माती आहे, लागू पडेल म्हटलं.’ ते बुंध्यावरून हात फिरवत होते. ‘मला दूध नाही गं लागत आता. म्हाताऱ्याला किती लागतं? याला दे. याला जगवायला हवं.’

‘का बाबा?’

मला वाटलं, ते काहीतरी भलतंच बोलतील, मिरजेची गाडी, नाहीतर कालव्याचं पाणी. पण त्या क्षणी ते अगदी ठिकाणावर होते.

‘तू घरात कधी बसत नाहीस,’ ते म्हणाले. ‘सगळ्यांचं करतेस. माझंही करतेस. मला कळतं, मी विसरतो पण मला कळतं. दिवसभरात तुझा चेहरा निवांत होतो तो इथे, याच्यापाशी. मी समोर बसून बघतो ना. म्हणून म्हटलं, हे जगलं पाहिजे. हे गेलं तर तू कुठे जाशील?’

काचघरात पंखे चालू होते. एक शाळेचा घोळका पलीकडून ओरडत गेला. मधुमतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी वाट बघत होते, ती आता सांगेल. आता म्हणेल, बाबा, तुम्ही माझं झाड मारलंत. तिला ते म्हणायचा अधिकार होता. मी असते तर म्हटलं असतं.

तिने त्यांच्या हातातून झाकण घेतलं. ‘झालं बाबा,’ ती म्हणाली. ‘आता याचं पोट भरलं. उरलेलं तुम्हाला प्यायला सांगितलंय.’

‘कुणी?’

‘यानेच.’

काकांनी झाडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग तिने झाकणात दूध ओतलं आणि ते प्यायले. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायले. किती आठवड्यांनी त्यांच्या पोटात धड काही जात होतं. मिशांना लागलेलं दूध तिने पदराने पुसलं नाही, कारण तिच्या अंगावर कामाचा टीशर्ट होता. बाहीने पुसलं.

मिस टानला तिने खरं ते सांगितलं आणि दोष स्वतःवर घेतला. मी लक्ष ठेवायला हवं होतं, म्हणाली. मिस टान एवढंच म्हणाली, की अंकलना आता आत आणता येणार नाही, आणि तिला वाईट वाटलं असं दिसत होतं. बागेच्या लोकांनी वाफा पाण्याने धुऊन काढायचा प्रयत्न केला, वरची वाळू बदलली. पण ज्या मुळांना नको म्हणता येत नाही, त्यांनी घ्यायचं ते केव्हाच घेतलं होतं. साखरझाड आधी गेलं. मग त्याच्या आजूबाजूची दोनतीन. उशीचं झुडूप शेवटपर्यंत बरं होतं, पण एका झुडपासाठी कोण वाफा ठेवतो? डिसेंबरच्या आधी सगळं उकरून काढलं आणि तिथे लाल-पिवळे ट्युलिप आले. लोक फोटो काढायला रांगा लावतात, असं ऐकते. मी गेले नाही.

मधुमतीला आता ऑर्किड दिलेत. त्यांना दर आठवड्याला खत लागतं, दिवसातून दोनदा फवारा लागतो, ऊन चालत नाही, सावली जास्त झाली तरी चालत नाही. ती ते सगळं करते. शनिवारी पाहुण्यांना फिरवत नाही.

काका दिवसभर माझ्याकडे असतात. हे मी स्वतःहून ठरवलं आणि संजीवला फोन करून जरा चढ्या आवाजात कळवलंही. त्यांचं वजन वाढलंय. माझ्यासमोर दूध प्यावंच लागतं, मी मधुमतीसारखी गोड नाही. झाड गेलं, हे तिने त्यांना सांगितलेलं नाही आणि मला सांगू दिलेलं नाही. मला ते पटत नाही. पण तिचं झाड, तिचे सासरे.

परवा संध्याकाळी मी त्यांना वर पोहोचवायला गेले. संजीव जकार्तात होता. गार्गी तिच्या खोलीतून ‘नॉट हंग्री लाह, आई, आय एट आउटसाइड’ म्हणून ओरडली आणि दार लावून घेतलं. मधुमती कामावरून नुकतीच आलेली, चपला पायात तशाच, कुकर लावत होती. मग तिने काकांचं ताट वाढलं, वरण-भात, तूप, लिंबाची फोड, आणि त्यांच्यासमोर ठेवलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

काकांनी भात कालवला. मग हात थांबवला आणि नेहमीसारखं विचारलं, ‘तुझं झाड जेवलं का?’

‘जेवलं, बाबा.’

‘आणि तू?’

मी तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, त्या घरात हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, आणि तो कसा झेलायचा हेच तिला कळत नव्हतं. मग सवयीने तिने मान हलवली आणि म्हणाली, ‘हो, जेवले.’

कुकरची शिट्टी माझ्यासमोर झाली होती. ती कुठे जेवली होती? मी उठले, मांडणीतून दुसरं ताट काढलं, त्यात भात वाढला, वरण घातलं, आणि काकांच्या शेजारची खुर्ची ओढली.

‘बस,’ मी म्हटलं. ‘आणि खोटं बोलू नकोस त्यांच्याशी. या घरात तुझ्याकडे लक्ष असलेला तेवढा एकच माणूस आहे.’

ती बसली. काकांनी आपल्या ताटातली लिंबाची फोड उचलून तिच्या भाताच्या कडेला ठेवली आणि ती खायला लागेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही.